चटणी कच्चीच का?

इंग्लंडमध्ये कोकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर पुदिना-व्हिनेगरचा सॉस खातात. आपल्याकडे मटणाबरोबर कोथिंबीर-पुदिन्याची चटणी चालते. ही जोडी केवळ चवीची नाही. मांसातले बरेचसे लोह ‘हीम’ स्वरूपात असते आणि ते आतड्यात सहज शोषले जाते. पाल्यातले लोह तसे नसते. मात्र सोबत मांस किंवा ‘क’ जीवनसत्त्व असेल, तर त्याचेही शोषण वाढते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. म्हणून मटण नीट शिजवावे, चटणी कच्ची ठेवावी, लिंबू शेवटी पिळावे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा वर्गात विचारा : ज्यांच्या घरी मटण शिजत नाही, त्यांनी मटकीच्या उसळीवर काय पिळावे?