विश्लेषण : नाणे प्रदर्शनात जुने नाणे घेताना फसगत कशी टाळावी?

अमरावती, अकोल्यासारख्या शहरांत एखाद्या मंगल कार्यालयात किंवा सभागृहात नाणे प्रदर्शन भरले की संग्राहकांबरोबर घरातली जुनी डबी घेऊन आलेले लोकही गर्दी करतात. ‘आजीचा राणी छाप रुपया लाखाला जाईल का?’ हा त्यांचा प्रश्न. उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असेच असते. मग नाण्याचे मोल ठरते कशावर?

प्रदर्शनातला दिवस कसा असतो?

जाणता संग्राहक सकाळी लवकर पोहोचतो, पण पहिल्या फेरीत काहीच विकत घेत नाही. सगळी टेबले पाहायची, एकाच नाण्याचा भाव तीन-चार ठिकाणी विचारायचा आणि दुपारनंतर व्यवहार करायचा, ही त्याची रीत. खिशात भिंग, छोटा वजनकाटा आणि लोहचुंबक असतो. नाणे तो कडेने धरतो. बोटांचा घाम धातूवर डाग पाडतो.

वऱ्हाडशी नाते सांगणारी नाणी कोणती?

वऱ्हाडची जुनी राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. येथे मुघलकाळात टांकसाळ होती. १८५३मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. त्यामुळे इकडच्या संग्रहांत इंग्रजी रुपयांशेजारी चारमिनार असलेली निजामाची नाणीही दिसतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेली तांब्याची शिवराईही असते. पुढे पेशवाईत ती मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. त्यामुळे प्रत्येक शिवराई शिवकालीन नसते आणि भावातला मोठा फरक तिथेच पडतो.

खरे-खोटे कसे ओळखावे?

आधी वजन पाहावे. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असते. झिजलेला रुपया थोडा हलका भरेल, पण दीड-दोन ग्रॅमचा फरक आला तर नाणे बाजूला ठेवावे. चांदी चुंबकाला चिकटत नाही. १९४७चा वाघाचे चित्र असलेला रुपया मात्र निकेलचा आहे. तो चिकटतो आणि तरीही अस्सल असतो. १९३९चा रुपया दुर्मीळ असल्याने १९३८मधला शेवटचा आकडा कोरून ‘९’ केलेली नाणी फिरतात. तिथे भिंग कामी येते.

राम दरबाराचे चित्र आणि ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली ‘१८१८’ची नाणी तर सर्रास विकली जातात. कंपनीने असे चलन कधीच काढले नव्हते.

घरचे नाणे चमकवावे का?

मुळीच नाही. चिंच, राख किंवा पितांबरीने घासले की वरचा थर आणि बारीक नक्षी जाते. त्याबरोबर किंमतही घसरते.

फोनवरच्या जाहिरातींचे काय?

‘ही पाच रुपयांची नोट द्या, लाखो मिळवा’ अशा जाहिराती देऊन आधी शुल्क किंवा कर भरायला सांगितला जातो. ऑगस्ट २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत सावध केले होते. जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकारही तिने कोणाला दिलेला नाही. विकणाऱ्यालाच आधी पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी.

शेतात नाणी सापडली तर?

१९३९मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील, आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या तऱ्हाळा गावी सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे पुढे आली. हा साठा सराफाच्या मुशीत गेला असता तर ती नावेही गेली असती.

१८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे; लपवल्यास शिक्षा होऊ शकते. सरकारने तो ठेवा घेतला, तर त्याच्या मूल्यावर एक पंचमांश रक्कम जास्त देण्याची तरतूद आहे. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो.

म्हणून प्रदर्शनात विक्रेत्याकडे पावती मागावी, तीवर नाण्याचे वर्णन लिहून घ्यावे. शंका असल्यास नाणे घेऊ नये. आज हुकलेले नाणे पुढच्या प्रदर्शनात मिळू शकते. खोट्या नाण्यात गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत.