पडद्यावरचा उलटा पंखा

दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना हल्ली काही शिक्षक त्या काळच्या वार्तापटांतील दृश्ये वर्गात दाखवतात. पॅसिफिक महासागरातले विमानवाहू जहाज, त्यावरून उडणारी अमेरिकन ‘हेलकॅट’ विमाने, धुराचा लोट सोडत कोसळणारे जपानी ‘झीरो’. नांदेडच्या एका शिबिरात असे दृश्य पाहून एका मुलीने विचारले, “सर, विमान पुढं चाललंय, मग पंखा उलटा कसा फिरतोय?”

कॅमेरा गती टिपत नाही; तो सेकंदाला २४ स्थिर चित्रे टिपतो. दोन चित्रांमधल्या काळात काय घडले, याची त्याच्याकडे नोंदच नसते. हेलकॅटच्या पंख्याला तीन सारखी पाती. त्यामुळे पंखा १२० अंशांतून फिरला की पुन्हा पहिल्यासारखाच दिसतो. आता समजा, तो मिनिटाला ४८० फेरे घेतो आहे. म्हणजे सेकंदाला ८, आणि एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत बरोबर एक तृतीयांश फेरा. पडद्यावर पंखा थांबलेला! वेग ४७० झाला, तर पाते दर चित्राला ११७.५ अंशच जाते, अडीच अंश मागे पडते. आपला मेंदू जवळचे पाते तेच मानतो, आणि पंखा मिनिटाला १० फेरे या संथ गतीने उलटा फिरताना दिसतो. वेग ४९० असता, तर तो तितक्याच संथपणे सुलटा दिसला असता. ९६० आणि १४४० फेऱ्यांच्या आसपास हाच खेळ पुन्हा होतो.

पंख्याची फसवणूक निदान डोळ्यांना खटकते. काळाची फसवणूक खटकतही नाही. हवाई झुंजीची पुष्कळशी दृश्ये विमानातच बसवलेल्या १६ मिलिमीटरच्या छोट्या कॅमेऱ्यांनी टिपली आहेत. वैमानिकाने बंदुकीचा चाप दाबला की कॅमेराही चालू होई. अमेरिकन विमानांतल्या अशा कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला १६, ३२ किंवा ६४ चित्रे असा ठेवता येई. ६४ च्या वेगाने टिपलेली तीन सेकंदांची झुंज म्हणजे १९२ चित्रे. ती २४ च्या वेगाने दाखवली की आठ सेकंद चालते. तेव्हा पडद्यासमोर घड्याळ लावून विमानाचा वेग काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला आधी विचारावे, चित्रण कोणत्या वेगाने झाले होते? शिवाय या कॅमेऱ्यांना कान नव्हते. गोळ्यांचा तडतडाट नंतर जोडलेला. ऑस्कर मिळवणाऱ्या ‘द फायटिंग लेडी’ (१९४४) या रंगीत माहितीपटातही अशी दृश्ये आहेत.

आपल्याकडे १९४३ मध्ये सरकारने मुंबईहून ‘इंडियन न्यूज परेड’ सुरू केली. पुढे फिल्म्स डिव्हिजनची समाचारचित्रे मुख्य सिनेमाआधी पाहिलेली पिढी नांदेड-लातूरलाही आहे. निवेदकाचा आवाज भारदस्त असला की चित्रही खरे वाटते, ही सवय आपल्याला तिथेच लागली असावी!

वर्गात करून पाहण्यासाठी तीन पात्यांचा टेबलफॅन पुरे. भरपूर उजेडात तो पूर्ण वेगाने चालवून बंद करा आणि थांबेपर्यंत मोबाइलने चित्रण करा. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० चित्रे घेतो; म्हणून मिनिटाला ६०० फेऱ्यांजवळ पाती थबकतील, मग उलटी फिरू लागतील. (पाती कोयत्यासारखी वाकडी दिसली तर बिचकू नका. मोबाइल चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, त्याचा तो परिणाम.) मग एकाच पात्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवून प्रयोग पुन्हा करा. पाती थबकलेली असताना कागद किती ठिकाणी दिसेल, हे मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या.