रंगाचा डबा न उघडता रंगीत गिटार

पहिल्या इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपवर तांब्याची तार गुंडाळली गेली ती कपडे धुण्याच्या मशीनच्या मोटरने! साल १९३१, शहर लॉस एंजेलिस, माणूस जॉर्ज बीचम. घरच्या टेबलावर खटपट करून त्याने आवाज जमवला. पहिला नमुना लाकडात कोरलेला होता, बाजारात आली ती ॲल्युमिनियमची. गोल पोट आणि लांब दांडा बघून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. पेटंट मिळायला मात्र १९३७ उजाडलं.

पुढचा गडी लेस पॉल. १९४०च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात तो रविवारी, सगळे सुट्टीवर असताना, एकटा काम करत बसे. चार इंच बाय चार इंचाचा पाइनचा सोट घेतला, त्यावर तारा आणि पिकअप चढवले. आवाज उत्तम, पण ऐकणाऱ्यांना ते ध्यान बघवेना. मग त्याने एक गिटार मधोमध चिरली आणि तिचे दोन अर्धे सोटाच्या दोन्ही बाजूंना जोडले. तीच वाजवणी, तोच सोट, आता मात्र टाळ्या! गिब्सन कंपनीने आधी त्याला परत पाठवलं आणि १९५२मध्ये त्याच्याच नावाची गिटार बाजारात आणली. तिकडे कॅलिफोर्नियात लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याला गिटार वाजवता येत नसे, तरी १९५४ची त्याची स्ट्रॅटोकास्टर आजही जगभर वाजते आहे.

म्हणजे ठाण्याच्या बाळकुममधल्या एखाद्या घरात, बाल्कनीत टेबल मांडून कुणी गिटार करायला घेतली, तर तो या वाद्याच्या मूळ घराण्यातलाच. आणि माझं ठाम मत असं की ती रंगीत हवी असेल तर परदेशी लाकूड मागवायला नको, स्प्रे पेंटही नको. सह्याद्रीच्या झाडांच्या पोटात रंगांची पेटी भरलेली आहे.

लाकूडकामाला हा परिसर नवखा नाहीच. बाळकुम नाक्यावरून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी. १६५७मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराची जहाजं याच खाडीकाठी बांधायला सुरुवात झाली. सागवान किती टिकावं? मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७मध्ये बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. आज लाकूड आणि सुतार शोधायचे तर उल्हासनगरचा फर्निचर बाजार जवळ आहे. शिवाय ठाण्या-कल्याणात जुनी घरं पाडली जातात तेव्हा दारं, तुळया, जिन्याचे कठडे निघतात. तो जुना सागवान कित्येक पावसाळे बघून पक्का वाळलेला असतो, गिटारला अगदी योग्य. येऊरच्या जंगलाकडे मात्र बघायचंही नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली काटकीसुद्धा तिथेच राहू द्यावी.

जुन्या लाकडाची गोष्ट निघाली की क्वीन बँडच्या ब्रायन मेकडे यावंच लागतं. १९६३च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या या मुलाने वडील हॅरल्ड यांच्याबरोबर घरीच गिटार करायला घेतली. दांडा आला एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून. त्यात वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती आगकाडीचे तुकडे बसवून बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. पडद्यांमधले पांढरे ठिपके आईच्या शिंपल्याच्या बटणांचे. सूर थरथरवणाऱ्या यंत्रणेला १९२८च्या पँथर मोटरसायकलच्या स्प्रिंगा, तिचा दांडा सायकलच्या पिशवीच्या कडीचा आणि टोकाला विणायच्या सुईचा तुकडा! हीच ती ‘रेड स्पेशल’. २००२मध्ये ब्रायन मे बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर हीच गिटार घेऊन उभा राहिला.

आणि क्वीन बँडमध्ये या गिटारशेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी? तो आपल्या पाचगणीचा विद्यार्थी. सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो वाढला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायला लागला. जगातली सर्वांत नावाजलेली घरगुती गिटार आणि साताऱ्याच्या डोंगरात शिकलेला मुलगा एकाच मंचावर आले, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

आता लाकडाची पेटी उघडू.

पिवळा हवा? हळदू घ्या, कुणी त्याला हेदू म्हणतं. रंग नावाप्रमाणे, पोत इतका बारीक की पूर्वी कंगवे आणि सूतगिरण्यांच्या बॉबिन याच्या करत. दुसरा पिवळा फणसाचा. ताजा कापलेला फणस लख्ख पिवळा असतो, मग वर्षागणिक मधासारखा गडद होत जातो. तंजावरची वीणा फणसाचीच आणि बौद्ध भिक्खूंची चीवरं रंगवायलाही याच लाकडाचा काढा वापरत आले आहेत. कोकणात तर कित्येक जुन्या घरांना फणसाचे खांब आहेत. या लाकडाला गिटारमध्ये फार कुणी विचारत नाही, याची मला खंत आहे.

लाल हवा? मिरजेकडे बघा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगार घराण्याने, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांनी, फरीदसाहेबांच्या पुढाकाराने तंतुवाद्यं बनवायला घेतली. भोपळा पंढरपूर भागातला, दांडी तुणाच्या लाकडाची. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गंमत अशी की हा विटकरी तुण आणि गिब्सनवाले ज्यावर जीव टाकतात ती महोगनी, ही दोन्ही एकाच कुळातली झाडं. आपला कडुनिंबही त्याच कुळातला. म्हणजे मिरजेचा तंबोरा आणि लेस पॉल गिटार यांचं चुलत नातं लागतं!

बिबळ्याचं लाकूड सोनेरी तपकिरी. त्याच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी रंगीत होतं, ते याच लाकडातल्या रंगद्रव्यामुळे. अंदमानचा पडौक बिबळ्याचा भाऊ, शेंदरी लाल. तिसरा भाऊ रक्तचंदन, ज्याच्या दांड्यासाठी जपानचे शामिसेन बनवणारे कारागीर वाटेल ते मोल देतात. पण रक्तचंदनाच्या वाटेला जाऊ नये, कायद्याचा पहारा कडक आहे आणि तो तसाच असायला हवा.

काळा रंग कुठे मिळतो सांगू? विडीच्या पानात. म्हणजे ज्या तेंदूची पानं गोंदिया-गडचिरोलीत गोळा होतात, त्याच टेंभुर्णीच्या खोडाचा गाभा एबनीसारखा काळा असतो. गाभा बारीक निघतो, त्यामुळे पट्टीपुरताच वापरायचा.

आणि राजा शिसव. जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. पश्चिम घाटातलं हे लाकूड फ्रेटबोर्डच्या रूपाने जगभरच्या गिटारींवर बसलेलं आहे. २०१७च्या जानेवारीत शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं आणि गिटार कंपन्यांची धांदल उडाली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. जॉर्ज हॅरिसनसाठी फेंडरने १९६८मध्ये शिसवाची अख्खी टेलिकास्टर केली होती. पण शिसव जड, त्यामुळे वजनाचा प्रश्न येतोच.

वजनाचा हिशेब आधीच करावा. नेहमीच्या आकाराची, ४४ मिलिमीटर जाडीची बॉडी म्हणजे साधारण साडेचार लिटर लाकूड. शिवणाचं लाकूड वापरलं तर दोन-सव्वादोन किलो, साग वापरला तर तीन किलोच्या आसपास, शिसव घेतलं तर पावणेचार. तासभर उभ्याने वाजवायचं आहे, खांद्याला विचारा! म्हणून माझी मांडणी अशी: बॉडी फिकट, हलक्या आणि सहसा न वाकणाऱ्या शिवणाची, मधोमध हळदू-तुण-शिसवाच्या उभ्या पट्ट्या, फ्रेटबोर्ड शिसवाचा. अमेरिकेत डग अर्विन या कारागिराने गिटारवादक जेरी गार्सियासाठी अशाच थरांची ‘टायगर’ बनवली, कोकोबोलो आणि मेपलचे थर एकावर एक. २००२च्या लिलावात तिला साडेनऊ लाख डॉलरपेक्षा जास्त किंमत आली.

थर चिकटवायला फेविकॉल चालेल, तोही १९५९पासून इथलाच. फक्त साग आणि शिसव तेलकट असतात. चिकटवण्याच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्यावं, नाहीतर सांधा सुटतो. रंध्याने दोन्ही कडा अशा जुळवाव्यात की मधून उजेड दिसता कामा नये.

पडद्यांचं गणित तर मला या सगळ्यात सर्वांत गोड वाटतं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, हवे तसे सरकवता येतात. गिटारचे एकदा ठोकले की ठोकले. १५८१मध्ये गॅलिलिओच्या वडिलांनी, विन्चेंझो गॅलिलेई यांनी, सोपा नियम सांगितला: तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडा आणि पुढचा पडदा बसवा. ६४८ मिलिमीटरच्या तारेवर या नियमाने गेलात तर बाराव्या पडद्याशी जवळजवळ अडीच मिलिमीटर चूक होते, कानाला सहज टोचेल इतकी. अठराच्या जागी १७.८१७ घेतलं की बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. पहिला येतो ३६.४ वर. पडद्याच्या तारेला निकेल सिल्व्हर म्हणतात, चांदी त्यात औषधालाही नाही. तांबं, निकेल आणि जस्त.

सहा तारा सुरात लावल्या की दांड्यावर मिळून पंचेचाळीस किलोच्या आसपास ताण येतो. दिवसरात्र. म्हणून दांड्याच्या पोटात लोखंडी सळई असते. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूने १९२३मध्ये तिचं पेटंट घेतलं.

आवाज कुठून येतो? फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेल्या तत्त्वातून: चुंबकापाशी पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज जन्मते. पिकअप म्हणजे हेच चुंबक आणि वेटोळं, त्यात केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. नायलॉनची तार लावून बघा, चिडीचूप. पण हेच वेटोळं घरातल्या वायरिंगची गुणगुणही पकडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्याकडची गुणगुण खालच्या ‘जी’ सुराच्या जवळ लागते. अमेरिकेतली ६० हर्ट्झची, तिचा सूर वेगळा! उपाय गिब्सनच्या सेथ लव्हरने शोधला: उलट वेढ्यांची आणि उलट चुंबकी ध्रुवांची दोन वेटोळी शेजारी ठेवायची, गुणगुण एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा सूर उरतो. घरच्या गिटारला खोबणीत तांब्याची पट्टी डकवली तरी बराच फरक पडतो.

आता पॉलिश. फेंडरच्या झगझगीत गिटारी चक्क मोटारींच्या रंगाने रंगवलेल्या होत्या, ड्यूपॉन्टचा ड्युको आणि ल्युसाइट. आपल्याला लाकडाचा रंग झाकायचा नाही, त्यामुळे हातात घ्यावी चपडा लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवर एक इवलासा किडा ती बनवतो. स्पिरिटमध्ये विरघळवून सुती बोळ्याने पातळ हात मारत जायचं. मिरजेच्या तंबोऱ्यांनाही लाखेचीच चकाकी असते आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाणं ज्या ७८च्या तबकड्यांवर उतरलं, त्याही लाखेच्या.

सावधगिरीच्या दोन गोष्टी. घासताना तुण-पडौकची लाल भुकटी शेजारच्या फिकट शिवणात शिरते आणि मग निघता निघत नाही. म्हणून शेवटच्या काचपेपरआधीच फिकट लाकडावर लाखेचा एक हात मारून ठेवावा आणि भुकटी पुसण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. शिसवाची धूळ कातडीला आणि फुप्फुसाला झोंबते, मास्क हवाच. दुसरी गोष्ट हवेची. बाळकुमला खाडी जवळ, पावसाळ्यात भिंतीही ओल्या. अशा हवेत स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि लाख दुधाळ पांढरी होते. म्हणून कापाकापी, घासाघीस वर्षभर कधीही करा, पॉलिशला हात घालायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोरड्या दुपारी.

रंग पुढेही बदलत राहतील. पडौकचा शेंदरी उन्हाने तपकिरीकडे जाईल, फणस गडद होईल, परदेशी पर्पलहार्ट तर कापल्यावर मातकट दिसतो आणि उजेड-हवेत राहून जांभळा होतो. त्यामुळे गिटार खिडकीत टांगू नका, आणि टांगलीच तर पट्टा काढून टांगा. पट्ट्याखालचं लाकूड उजेडाविना जुन्याच रंगाचं राहतं आणि बॉडीवर त्याची फिकट रेघ उमटते.