विजेत्यांची यादी आणि गोव्याचे फुटबॉल



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास अथवा शिक्षण यांसारखा विषय निवडावा असा आपल्याकडे संकेत आहे. मी फुटबॉल हा विषय निवडला, तेव्हा काहींनी भुवया उंचावल्या. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते खेळाच्या तासाला गणिताच्या तासाइतकेच महत्त्व देत, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. त्यामुळे या विषयाने औचित्यभंग होतो असे मला वाटत नाही. मी खेळाडू नाही, प्रशिक्षकही नाही. फातोर्ड्याच्या मैदानावर अनेक वर्षे सामने पाहणारा आणि वर्तमानपत्रांतील गुणतक्ते कापून वहीत चिकटवणारा एक प्रेक्षक, एवढाच माझा अधिकार. त्या वहीच्या आधारे भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची, तिच्या विजेत्यांची आणि त्यांतील गोव्याच्या वाट्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

बाद पद्धती आणि साखळी पद्धती

प्रथम लीग म्हणजे काय ते स्पष्ट करू. आपल्या देशात फुटबॉलच्या स्पर्धांची परंपरा फार जुनी आहे. ड्युरँड चषक १८८८ साली सिमल्यात सुरू झाला. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड १८९३ ची. राज्याराज्यांतील संतोष करंडक १९४१ पासून आणि क्लबांसाठीचा फेडरेशन चषक १९७७ पासून खेळला जाऊ लागला. या स्पर्धांचा कळस म्हणजे बाद पद्धतीचे सामने. त्यांत हरला तो घरी गेला. अशा स्पर्धेत चार-पाच सामने जिंकले की चषक हाती येतो. एखादा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, एखादी पेनल्टी हुकली, तर वर्षभराची मेहनत एका संध्याकाळी वाया जाते. त्यात थरार पुष्कळ असतो, पण दैवाचा वाटाही मोठा असतो.

साखळी पद्धतीत, म्हणजे लीगमध्ये, प्रत्येक संघ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळतो, एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, पराभवाला शून्य. दहा संघ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १८ सामने येतात आणि एकूण ९० सामने होतात. एवढ्या सामन्यांत दैव सगळ्यांच्या वाट्याला सारखेच येते. दुखापती, लांबचे प्रवास, उन्हाळा, परक्या गावातील प्रेक्षकांची हुर्यो हे सारे सोसून जो सातत्य राखतो तो विजेता ठरतो. म्हणूनच जगभर लीगचा विजेता हाच त्या देशाचा खरा अजिंक्य क्लब मानला जातो.

कलकत्त्यात अशी लीग १८९८ पासून होती. गोव्यात १९५९ साली, पोर्तुगीज अमदानीतच, फुटबॉल संघटना स्थापन झाली आणि येथेही स्थानिक लीग रुजली. राष्ट्रीय लीग सुरू होण्यास मात्र १९९६ साल उजाडावे लागले. एवढ्या विस्तीर्ण देशात संघांनी महिनोन्महिने प्रवास करावयाचा, म्हणजे त्यासाठी पैसा हवा, प्रायोजक हवा, दूरदर्शन संच हवेत. आर्थिक उदारीकरणानंतरच हे जुळून आले.

पहिली आठ वर्षे

१९९६-९७ च्या पहिल्या हंगामाचा विजेता ठरला पंजाबातील फगवाड्याचा जेसीटी. हा एका कापडगिरणीचा संघ. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन हे दोघेही तेव्हा या संघात होते. उपविजेतेपद आपल्या चर्चिल ब्रदर्सने पटकावले होते, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. दुसऱ्या वर्षी मोहन बागान जिंकला. १९९८-९९ मध्ये साळगावकर संघाने अजिंक्यपद मिळवले आणि राष्ट्रीय लीगचा चषक प्रथमच गोव्यात आला. त्यानंतरची पाच वर्षे कलकत्त्याची. १९९९-२००० आणि २००१-०२ मध्ये मोहन बागान, तर २०००-०१, २००२-०३ आणि २००३-०४ मध्ये ईस्ट बंगाल. याच ईस्ट बंगालने २००३ साली जाकार्ता येथे आग्नेय आशियाई क्लबांची स्पर्धाही जिंकली होती.

येथवरची यादी वाचून कोणीही म्हणेल की हे अपेक्षितच होते. कलकत्ता ही या खेळाची जुनी राजधानी. तेथे लाखो चाहते आणि शतकभराची परंपरा. परंतु यादीचे पुढचे पान उलटले की चित्र पालटते.

गोव्याची नऊ वर्षे

२००४-०५ मध्ये धेंपो विजेता झाला आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा उपविजेता. पहिले दोन्ही क्रमांक गोव्याचे. २००५-०६ मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने बाजी मारली. २००६-०७ मध्ये पुन्हा धेंपो. २००७ साली स्पर्धेचे नाव बदलून ती आय-लीग झाली. त्यानंतरचे विजेते क्रमाने ऐका. २००७-०८ धेंपो, २००८-०९ चर्चिल ब्रदर्स, २००९-१० धेंपो, २०१०-११ साळगावकर, २०११-१२ धेंपो, २०१२-१३ चर्चिल ब्रदर्स. म्हणजे आय-लीगच्या पहिल्या सहाही हंगामांचा चषक गोव्यातच राहिला. २००४ ते २०१३ या नऊ हंगामांपैकी आठ गोव्याचे. आणि जो एक मुंबईला गेला, त्या महिंद्र युनायटेडचे प्रशिक्षक डेरिक परेरा हेही गोमंतकीयच.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. देशाच्या नकाशावर बोटाखाली झाकला जाणारा हा प्रदेश नऊपैकी आठ हंगामांत अजिंक्य कसा ठरला, याचे उत्तर मला तीन गोष्टींत सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे गाव. येथे गावोगावी मैदान आहे, गावोगावी संघ आहे. चर्चिल ब्रदर्स हा वार्का गावचा क्लब. मे महिन्यात आंतरग्राम सामने लागले की चर्चचा उत्सव आणि देवळाची जत्रा यांच्याइतकीच गर्दी मैदानावर लोटते. दुसरी गोष्ट म्हणजे आश्रय. खाणी आणि जहाजवाहतूक यांत नाव मिळवलेल्या घराण्यांनी क्लब पोसले, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि त्यामुळे घरची चूल पेटती ठेवून मुलाला खेळता आले. तिसरी गोष्ट म्हणजे सातत्य. धेंपोची पाचही अजिंक्यपदे आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली मिळाली. आपल्याकडे चार सामने हरले की प्रशिक्षक बदलण्याची रीत आहे. त्या पार्श्वभूमीवर ही गोष्ट विशेष होय. रँटी मार्टिन्स आणि बेटो यांसारखे परदेशी खेळाडू संघात होतेच, पण समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही आपल्याच मातीतील मुले त्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळत. २००८ साली याच धेंपोने एएफसी चषकाच्या उपान्त्य फेरीपर्यंत मजल मारली.

लीगला अंतिम सामना नसतो, पण कधी कधी तो आपोआप घडतो. ३१ मे २०१५ रोजी बंगळूर येथे बंगळूर एफसी आणि मोहन बागान यांची हंगामातील शेवटची गाठ पडली. मोहन बागानला बरोबरी पुरेशी होती, बंगळूरला विजय हवा होता. बंगळूरने आघाडी घेतली. सामना संपत आला असता बेलो रझाक या बचावपटूने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि १-१ अशा बरोबरीने मोहन बागानला तेरा वर्षांनी अजिंक्यपद मिळाले.

उघडे दार

आता या हकीकतीतील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळतो. जगातील बहुतेक लीगमध्ये एक नियम असतो. तळाचा संघ खालच्या श्रेणीत घसरतो आणि खालच्या श्रेणीतील विजेता वर चढतो. या नियमामुळे तळाच्या संघालाही शेवटच्या सामन्यापर्यंत जीव तोडून खेळावे लागते, आणि लहान गावातील क्लबलाही वर जाण्याची आशा राहते. हे दार कोणालाच सोडत नाही. पाच वेळचा विजेता धेंपो २०१४-१५ मध्ये खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्याच वर्षी त्याने द्वितीय श्रेणी जिंकली.

परंतु २०१६ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने नवी रचना पुढे मांडली. २०१४ पासून सुरू झालेली, शहरनिहाय संघांची इंडियन सुपर लीग ही सर्वोच्च श्रेणी व्हावी आणि आय-लीग तिच्या खाली जावी, असा तो प्रस्ताव होता. वर चढण्याचा मार्ग त्यात दिसत नव्हता. याचा निषेध म्हणून साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली.

त्यानंतर जे घडले ते विलक्षण आहे. मिझोरामचा आयझॉल एफसी त्याच वर्षी आय-लीगमधून घसरला होता. गोव्याचे संघ गेल्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि त्याला पुन्हा प्रवेश मिळाला. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २०१६-१७ चे अजिंक्यपद जिंकले. आयझॉलचे ३७ गुण, मोहन बागानचे ३६. ईशान्य भारतातील क्लब राष्ट्रीय लीगचा विजेता होण्याची ती पहिलीच वेळ. गोव्याने सोडलेल्या जागेतून एका डोंगराळ राज्याचे भाग्य उजळले, याचा गोमंतकीय म्हणून मला विषाद वाटत नाही. उलट दार उघडे असले म्हणजे काय घडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मला देता येणार नाही.

१९९६-९७ ते २०१६-१७ या एकवीस हंगामांचा हिशेब असा: धेंपो ५, मोहन बागान ४, ईस्ट बंगाल ३, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि बंगळूर एफसी प्रत्येकी २, जेसीटी, महिंद्र युनायटेड आणि आयझॉल प्रत्येकी १. एकवीसांपैकी नऊ गोव्याचे. यांपैकी महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि जेसीटी २०११ मध्ये विसर्जित झाले. केवळ मालकाच्या इच्छेवर उभा असलेला क्लब मालकाच्या इच्छेनेच संपतो, हा धडा या दोन नावांत आहे.

नवी व्यवस्था

२०१७-१८ पासून दोन्ही लीग समांतर चालल्या आणि २०१९-२० पासून इंडियन सुपर लीग सर्वोच्च ठरली. तिच्यात तेव्हा साखळीत अव्वल ठरणाऱ्याला शील्ड मिळत असे आणि त्यानंतरच्या बाद फेरीच्या विजेत्याला चषक. एफसी गोवा २०१५ आणि २०१८-१९ अशा दोन अंतिम सामन्यांत हरला. परंतु २०१९-२० ची पहिली शील्ड त्यानेच जिंकली. त्या हंगामाच्या अखेरीस संघाची धुरा हंगामी प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे होती आणि तांत्रिक संचालक होते डेरिक परेरा. जुन्या क्लबांत घडलेली माणसे नव्या संघाच्या कामी आली. त्या यशामुळे २०२१ साली एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. महामारीच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ हे सुपर लीगचे दोन्ही हंगाम संपूर्णतः गोव्यातच पार पडले, आणि त्यांतील साखळी सामने प्रेक्षकांविना रिकाम्या मैदानांवर झाले. मुंबई सिटीने आपले पहिले अजिंक्यपद मार्च २०२१ मध्ये फातोर्ड्यालाच जिंकले.

बंद झालेले दार पुढे अर्धे उघडले. आय-लीगच्या विजेत्याला वर घेण्याची तरतूद झाली. २०२२-२३ चा विजेता पंजाब आणि २०२३-२४ चा विजेता मोहमेडन स्पोर्टिंग असे वर गेले. वरून खाली घसरण मात्र २०२४-२५ पर्यंत लागू झाली नव्हती. त्याच हंगामात आय-लीगचा विजेता म्हणून महासंघाने प्रथम चर्चिल ब्रदर्सचे नाव घोषित केले होते. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने इंटर काशीच्या बाजूने निर्णय दिला. त्याच महिन्यात व्यावसायिक हक्कांच्या कराराची मुदत संपत आल्याने सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि त्याचा आरंभ लांबला. अजिंक्यपद मैदानावर ठरावे की कचेरीत, हा प्रश्न आता केवळ चाहत्यांचा राहिलेला नाही. शेकडो खेळाडूंच्या उपजीविकेचा तो प्रश्न आहे.

शाळेने काय करावे

या सर्वांत आपल्यासारख्या शाळेचा संबंध कोठे येतो? माझ्या मते तो मुळाशीच येतो. धेंपोने द्वितीय श्रेणीतून २०२४-२५ साठी पुन्हा आय-लीगमध्ये स्थान मिळवले, तेव्हा जुन्या क्लबांचे दिवस संपले असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. परंतु कोणत्याही क्लबला खेळाडू लागतात आणि खेळाडू प्रथम शाळेच्या मैदानावर दिसतो. भारतीय संघाचे नेतृत्व करणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, त्या वेळी गोव्यातील कित्येक शाळांतून त्यांच्याविषयी मुलांना सांगितले गेले असेल. सांगण्याबरोबर मैदानही हवे. आज मैदाने वाहनतळांसाठी आणि सभामंडपांसाठी कमी होत आहेत.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की शाळेसाठी देणगी देताना तिचा काही भाग मैदानाच्या निगेसाठी राखून ठेवावा. शाळांच्या आपसांतील स्पर्धांत बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धत स्वीकारावी. एका पराभवाने वर्षाचा खेळ संपणारा मुलगा दोन सामने खेळतो. साखळीत तोच मुलगा दहा सामने खेळतो आणि हरल्यानंतर पुढच्या शनिवारी पुन्हा उभे राहावयास शिकतो. गुरुजींनी खेळाच्या तासाला आम्हांला हेच शिकवले.