गोड्या पाण्याच्या टंचाईचे मापन व वर्गीकरण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
‘पाणीटंचाई’ हा शब्द नित्य परिचयाचा असला, तरी टंचाई कशी मोजावी याचा एकच सर्वमान्य निकष नाही. निकष बदलला की टंचाईग्रस्त प्रदेश बदलतो आणि त्याबरोबर नियोजनाचा अग्रक्रमही बदलतो. प्रस्तुत लेखात प्रमुख निकषांचा व त्यांच्या मर्यादांचा विचार केला आहे.

प्रमुख निकष :
१) दरडोई उपलब्धता : हा निकष स्वीडिश जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी १९८९ मध्ये मांडला. प्रतिवर्षी दरडोई उपलब्धता १७०० घनमीटरपेक्षा कमी असल्यास जलताण, १००० पेक्षा कमी असल्यास टंचाई व ५०० पेक्षा कमी असल्यास तीव्र टंचाई मानली जाते. २०११ मध्ये भारताची सरासरी १५४५ घनमीटर, म्हणजेच जलताणाच्या श्रेणीत होती. १००० घनमीटर म्हणजे प्रतिदिनी सुमारे २७४० लिटर. यात पिण्याबरोबरच शेती व उद्योगांची गरजही गृहीत आहे.

२) उपशाचे प्रमाण : येथे उपलब्ध पाण्याशी वापराची तुलना होते. केंद्रीय भूजल मंडळाच्या वर्गीकरणात वार्षिक उपसा उपसायोग्य भूजलाच्या ७० टक्क्यांपर्यंत असल्यास क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित व त्यापुढे अतिशोषित ठरते.

३) दर हेक्टरी उपलब्धता : महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने (१९९९) लागवडीयोग्य क्षेत्राच्या प्रमाणात उपखोऱ्यांचे वर्गीकरण केले. हेक्टरी १५०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असणारे उपखोरे अतितुटीचे, ३००० पर्यंत तुटीचे, ८००० पर्यंत सर्वसाधारण, १२००० पर्यंत विपुल व त्याहून अधिक असल्यास अतिविपुल होय.

विवेचन :
वार्षिक सरासरीत ऋतू व स्थान यांचा भेद लोपतो. कोकणात मुबलक पाऊस पडतो. तथापि तीव्र उतार व पाणी धरून न ठेवणारा जांभा खडक यांमुळे वैशाखात तेथील वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कागदोपत्री विपुलता व हंड्यातील रिक्तता एकाच ठिकाणी नांदतात. लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. राष्ट्रीय सरासरी त्याची पूर्वसूचना देऊ शकत नव्हती. याशिवाय, पाणी असूनही साठवण व वितरणाअभावी ते लोकांपर्यंत पोहोचत नसेल, तर त्यास ‘आर्थिक टंचाई’ म्हणतात. तिच्यावरील उपाय भौतिक टंचाईहून भिन्न असतात.

निष्कर्ष :
कोणताही एक निकष पुरेसा नाही. उपखोरे हे एकक व महिना हा कालखंड मानून उपलब्धता, उपसा आणि प्रत्यक्ष पोहोच यांचे एकत्रित मापन व्हावयास हवे. अन्यथा ज्यांची टंचाई सरासरीत मावत नाही, ते नियोजनातूनही वगळले जातील.