उघडी पेटी, बंद अक्षरं

मागच्या मे महिन्यात आम्ही वसईचं आजोबांचं घर आवरत होतो. पप्पांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायला बाजूला काढला, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. आजोबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या कुपारी समाजाच्या कादोडी बोलीतले शब्द जमवले होते, गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून. वह्यांना वाळवी लागली आणि उरली ती फक्त कॉम्प्युटरमधली एक फाइल. कॉम्प्युटर तर सुरूच होईना. शेवटी स्वयंपाकघरातल्या खणात सापडलेल्या स्क्रूड्रायव्हरने मी पेटी उघडली, हार्ड डिस्क काढली आणि टी-शर्टमध्ये गुंडाळून हैदराबादला घेऊन आले.

सिकंदराबादला पार्कलेनमधलं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे आपलं सीटीसी, तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. मदरबोर्ड, रॅम, पंखे, कॅबिनेट, सगळं सुटं मिळतं आणि समोर बसून जोडूनही मिळतं. तिथल्या एका काकांनी डिस्क हातात घेतली, मागची पिनांची रांग बघितली आणि म्हणाले, "पुराना माल है अम्मा, मगर टेन्शन नक्को लो." खणातून एक छोटा अ‍ॅडाप्टर काढला, माझ्या लॅपटॉपला लावला आणि पाच मिनिटांत आजोबांचे सगळे फोल्डर समोर! वीस वर्षांहून जुनी डिस्क, कंपनी कोणती, मशीन कुणी जोडलं, कशाकशाची चौकशी करावी लागली नाही.

मग सहज विचारलं, माझ्या लॅपटॉपची रॅम वाढवून द्याल का? काकांनी तो उलटा केला आणि लगेच परत दिला. "इसमें बोर्डपेच सोल्डर है. कुछ नहीं होता." लॅपटॉप दोन वर्षांचा.

काकांच्या खणात तो अ‍ॅडाप्टर का होता, हे कळायला १९८१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. घाईचं काम होतं, साधारण वर्षभरात मशीन हवं होतं, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारेच भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. आत पाच खाचा ठेवल्या, जादा कार्डं खोचायला, आणि कुठल्या पिनेवर काय चालतं याचं पुस्तकही छापून विकलं. खरी स्वतःची अशी त्यांची एकच गोष्ट होती, मशीन सुरू होताना चालणारा बायॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम. त्याचाही मजकूर त्या पुस्तकात होता, पण कॉपीराइटसह. कॉम्पॅक कंपनीने मग एक युक्ती केली. बायॉस नेमकं काय काम करतो एवढंच एका गटाने लिहून काढलं, आणि मूळ मजकूर कधीच न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने तेच काम करणारा नवा प्रोग्रॅम लिहिला. (साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात भाषांतर आणि वाङ्मयचौर्य यांच्यातली सीमारेषा दिसेल. मला तरी दिसली.) १९८३ पासून कॉम्पॅकची मशीनं विकली जाऊ लागली, मागोमाग इतरांचीही आली. पीसी कुणा एका कंपनीचा राहिलाच नाही. १९८७ मध्ये आयबीएमने नव्या मॉडेलमध्ये खाचांची रचना बदलून दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण इतर कंपन्यांनी एकत्र येऊन आपला वेगळा नमुना काढला.

अ‍ॅपलची गोष्ट उलट्या दिशेने गेली. १९७७ च्या अ‍ॅपल टू मध्ये तब्बल आठ खाचा होत्या. जॉब्जना दोनच पुरे वाटत होत्या, वॉझनियाक आठांवर अडून बसले. १९८४ च्या मॅकिन्टॉशमध्ये एकही नाही, आणि पेटी उघडायला वेगळा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागायचा. विचार असा होता की आपण सगळं नीट जुळवून देतो, तुम्ही आत हात घालू नका. विचार वेडगळ नव्हता, मॅक वापरायला खरंच सोपा होता.

आता या खाचांचा मराठीशी काय संबंध? बराच. मराठी कॉम्प्युटरमध्ये शिरली त्यातली एक वाट याच खाचेतून जाते. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे वाढलं. सी-डॅकची स्थापना १९८८ ची, आणि या कामातलं एक महत्त्वाचं नाव मोहन तांबे यांचं. त्यांच्या गटाचं जिस्ट कार्ड पीसीच्या मोकळ्या खाचेत बसायचं. डॉसवर चालणाऱ्या इंग्रजी प्रोग्रॅमला वाटायचं की आपण नेहमीसारखेच आकडे पडद्याकडे पाठवतोय. कार्ड ते आकडे मधल्यामध्ये पकडायचं आणि पडद्यावर देवनागरी काढायचं, काना-मात्रा-जोडाक्षरांसकट. यासाठी आयबीएमची परवानगी मागावी लागली नाही. १९८४ च्या मॅकमध्ये असं कार्ड खोचायला जागाच नव्हती.

इथेच थांबले असते तर 'उघडं चांगलं, बंद वाईट' असा सोपा लेख झाला असता. पण त्या संध्याकाळी हॉस्टेलवर मी आजोबांची फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. एकही ओळ वाचता येईना.

भानगड अशी होती. जिस्टच्या जोडीने अक्षरांच्या आकड्यांचं एक प्रमाण ठरलं होतं, इस्की, १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलेलं. पण विंडोजवर डीटीपी आलं तशी छपाईच्या धंद्याने दुसरी सोय शोधली. फॉन्ट म्हणजे शेवटी चित्रंच. समजा रोमन डी च्या जागी 'क' चं चित्र ठेवलं, तर की दाबल्यावर दिसणार 'क', कॉम्प्युटरच्या लेखी मात्र तो डीच. काम झकास व्हायचं, छापील पान सुंदर यायचं. फक्त कुठल्या जागी कुठलं चित्र हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. एकाच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की गोंधळ. तेलुगूवाल्यांना विचारा, अनु फॉन्टबद्दल तेही हेच सांगतील. म्हणजे पेटी सताड उघडी होती, स्क्रू सगळे साधे होते, आणि कुलूप लागलं होतं ते अक्षरांना.

आजोबांचा फॉन्ट त्याच डिस्कवर सापडला. तो टाकल्यावर पान मराठी दिसायला लागलं, मला रडूच आलं. पण 'आई' हा शब्द शोधला तर निकाल शून्य. एक परिच्छेद आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला तर तिकडे पुन्हा कंस आणि टक्के.

यावरचा तोडगा होता युनिकोड. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक, फॉन्ट कुठलाही असो. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर बेतलेली. पण नुसते क्रमांक ठरून भागत नाही, विंडोजमध्ये देवनागरीची सोय यायला विंडोज २००० उजाडलं. आणि मराठीचा स्वतंत्र 'ॲ' युनिकोडमध्ये दाखल झाला २००८ मध्ये! म्हणजे आयफोन बाजारात आला तेव्हा 'ॲपल' मधल्या पहिल्या अक्षराला जगात क्रमांकच नव्हता. आपल्या ई-मासिकाच्या सूचनेत 'लेख युनिकोडमध्येच पाठवावा' असं दरवर्षी ठळक छापतात, त्यामागे ही सगळी कहाणी आहे.

फोनवर तीच गोष्ट पुन्हा घडली, जरा वाकडी होऊन. ॲण्ड्रॉइडचा मूळ कोड खुला, कुणीही घ्यावा. तरी सुरुवातीच्या बऱ्याच ॲण्ड्रॉइड फोनांवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, आणि त्याच सुमाराला बंदिस्त आयफोनवर देवनागरी व्यवस्थित वाचता यायची. लिहायच्या बाबतीत मात्र उलट. ॲण्ड्रॉइडवर २००९ पासून कुणालाही स्वतःचा कीबोर्ड बनवून देता येत होता. आयफोनवर बाहेरचे कीबोर्ड आणि मराठी नावाचा कीबोर्ड, दोन्ही २०१४ मध्ये आयओएस ८ बरोबर आले. तोवर कंपनीला वाटेल तेव्हा.

आणि ॲण्ड्रॉइड खुलं म्हणजे तरी किती? प्ले स्टोअर हवं तर गूगलची बाकीची ॲप्सही घ्या, अशा अटी फोन बनवणाऱ्यांवर होत्या. त्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

माझी रूममेट आयफोनवाली आहे. तिचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. तिचा फोन बसमध्ये गेला तर चोराच्या हाती नुसती काच लागेल, आतलं काही वाचता येणार नाही. आजोबांच्या डिस्कवर शब्दसंग्रहाबरोबर बँकेचे हिशेब होते, दोन खाजगी पत्रंही होती. सीटीसीतले काका भले माणूस, म्हणून ठीक. पण मी तिला विचारलं, तुझी नात वीस वर्षांनी हा फोन घेऊन दुकानात गेली तर? ती म्हणाली, पासवर्ड सांगून जाईन ना. मी म्हटलं, आजोबांनीही फॉन्ट ठेवलाच होता.

फाइल आता सुटते आहे. अशा जुन्या फॉन्टांसाठी कुणीकुणी कन्व्हर्टर लिहून ठेवलेत, एकेक चित्र बघून त्याला युनिकोडचा क्रमांक जोडत. त्यातला एक आजोबांच्या फॉन्टला बराचसा चालला. 'ऱ्य' चा सगळीकडे 'र्य' झाला, त्यामुळे 'सुऱ्या' च्या जागी 'सुर्या' आलं. प्रमाण मराठी असेल तिथे चूक कळते. कादोडी शब्दात मला कळत नाही, मी हैदराबादेत वाढले. म्हणून दर रविवारी दुपारी आत्याला फोन लावते, मी वाचते, ती दुरुस्त करते. मागच्या रविवारी 'प' पर्यंत आलो. अकरा शब्द असे आहेत की ते तिलाही आठवत नाहीत. ती म्हणाली, गावात विचारून सांगते.