पोलादी पिळाचा हिशेब

पंढरीची आषाढी आटोपल्यावर वद्य एकादशीच्या परतवारीला हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव येथे जो अफाट जनसमुदाय लोटतो, त्यात पायी येणाऱ्यांची वाखाणणी सर्वत्र होते आणि ती यथार्थच आहे; परंतु वृद्ध माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि टाळ-मृदंगासह अख्खे भजनी मंडळ गावोगावाहून ज्या ट्रॅक्स-क्रुझरमधून येते, त्या वाहनाची नोंद कोणी घेत नाही. नामदेवरायांची 61 पदे गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे नांदेडच्या हुजूर साहिबाचे दर्शन घेऊन पंजाबी यात्रेकरूही याच मुलखात येतात. कयाधूकाठची ही काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता कोणत्याच ऋतूत सपाट राहू देत नाही. त्याचा सारा आघात प्रथम सोसतो तो गाडीचा पुढचा भाग.

या वाहनाचे कुळ महाराष्ट्रीय असले तरी त्याचा एक धागा जर्मनीपर्यंत जातो. उद्योजक फिरोदियांनी हॅम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याशी करार करून 1958 मध्ये गोरेगावात तीनचाकी टेम्पोची निर्मिती आरंभिली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला आला, आणि तेथून निघालेल्या मॅटाडोरने दोन-तीन पिढ्यांची लग्नाची वऱ्हाडे, भाजीपाला आणि रुग्ण वाहिले. ट्रॅक्स ही तिच्याच घराण्यातली धाकटी. कंपनीच्या बजाज टेम्पो या नावाऐवजी फोर्स मोटर्स हे नाव 2005 मध्ये आले.

ट्रॅक्सच्या मागे पाटे असतात. पुढे मात्र पाटे नाहीत, तर दोन्ही बाजूंना चासीला समांतर जाणारा एकेक पोलादी दांडा, ज्यास टॉर्शन बार म्हणतात. फर्डिनांड पोर्शे यांनी 1931 च्या सुमारास या तत्त्वाचे पेटंट घेतले आणि 1950 पासून निघालेल्या फोक्सवॅगनच्या प्रसिद्ध व्हॅनच्या पुढच्या आसाच्या नळ्यांतही पिळल्या जाणाऱ्या पट्ट्याच बसविलेल्या असत; परंतु तेथे उंची बदलण्याची सोय मुळात नसल्यामुळे हौशी मालकांना नळी कापून तीत निराळा तुकडा जोडावा लागतो. आपल्याकडील रचना अधिक समंजस आहे. दांड्याचे एक टोक चाकाच्या आर्मला जखडलेले असते, दुसरे टोक चासीवरील एका छोट्या भुजेत दात्यांनी बसविलेले असते, आणि त्या भुजेला एका बोल्टचा आधार दिलेला असतो. चाक वर उचलले की दांडा पिळला जातो, खड्डा ओलांडला की तो पीळ सैल होऊन चाकाला खाली लोटतो. बोल्ट आवळला तर गाडी वर येते, सैल केला तर खाली बसते.

येथेच एक गैरसमज चालकवर्गात इतका रुजला आहे की तो खोडून काढणे हेच या लेखाचे मुख्य प्रयोजन होय. गाडी पुढून बसली म्हणजे टॉर्शन आवळा, म्हणजे तो पुन्हा कडक होईल, असे सर्रास सांगितले जाते. बोल्टाने दांड्याचा कडकपणा तसूभरही वाढत नाही; पिळाचा आरंभबिंदू तेवढा सरकतो. कडकपणा ठरतो तो दांड्याची लांबी आणि जाडी यांवर, आणि जाडीचा प्रभाव तर चतुर्थ घाताने असतो: 24 मिलिमीटरऐवजी 26 मिलिमीटरचा दांडा घेतला तर तो सुमारे 38 टक्के अधिक कडक निघेल. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो; पोलादाचे तसे नाही, वर्षानुवर्षे मर्यादेबाहेर भार वाहिल्यावर त्याला कायमची बसकण येते. अशा दांड्यावर बोल्ट कमाल आवळला तर आर्म खाली लोंबून रबरी बंपरला टेकू लागतो, चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात खाडकन आवाज येतो. अशी उंची म्हणजे रोगावर चढविलेला अंगरखा आहे.

कुशल मिस्त्री पाना उचलण्यापूर्वी टेप काढतो. गाडी रिकामी, जमीन समतल, दोन्ही टायरांत हवा सारखी. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर डाव्या-उजव्या बाजूस मोजून खडूने तिथेच लिहिले जाते. चासीखाली घोडी लावून चाके अधांतरी सोडल्याशिवाय तो बोल्टला हात लावत नाही, कारण भाराखाली आटे झिजतात आणि पिळातला दांडा निसटला तर माणूस जायबंदी होतो. बोल्टवर चिखल आणि जुने ग्रीस यांचा दगडासारखा थर असतो. तो तारेच्या ब्रशने खरवडून, तेल सोडून, चेक नट सैल करून एकेक फेरा दिला जातो. गाडी खाली उतरविल्यावर लगेच मोजायचे नाही: टायर जमिनीला घासून धरून ठेवतात, म्हणून ती थोडी पुढेमागे ढकलावी, बॉनेटवर दोनदा भार देऊन सोडावी, मग टेप लावावा. एका बाजूच्या फेऱ्याने दुसऱ्या बाजूचे मापही हलते, त्यामुळे हा व्यवहार दोन-तीन आवर्तनांखेरीज मिटत नाही. दांडा बाहेर काढणेच भाग पडले तर दात्यांवर खूण करावी आणि डावा-उजवा यांची अदलाबदल मुळीच होऊ देऊ नये, कारण प्रत्येकाला कारखान्यातच आपापल्या दिशेचा पीळ दिलेला असतो.

उंची बदलली की चाकांचे टो आणि कॅम्बर हे कोनही बदलतात, दिव्यांचा झोतही वर-खाली सरकतो. म्हणून मालकांना एकच विनंती आहे: बोल्टला हात लागल्यावर अलाइनमेंट आणि दिवे तपासून घेतल्याखेरीज माणसे भरून गाडी यात्रेला काढू नये, आणि दांडा बसलाच असेल तर दोन्ही बाजूंचे नवे दांडे एकदमच घालावेत.